देवापाशी हळू झालेली बोट

१

तिन्ही पिंजरे रिकामे होते. जाळ्याला कुठे काप नव्हता, पिंप फुटलं नव्हतं. पिंजऱ्याच्या तोंडाची दोरी सोडून पुन्हा नीट बांधलेली होती आणि आत नुसतं हिरवं पाणी हलत होतं.

धरणाच्या फुगवट्यात, पिंपांना टांगलेल्या या जाळ्यांत मच्छीमार सोसायटीच्या आया राहत. आया म्हणजे कटला आणि रोहू या माशांच्या अंड्यावर आलेल्या मोठ्या माद्या, दोन्ही हातांनी लेकरासारखी उचलावी लागेल एवढी एकेक. पाऊस लागला की त्यांच्याच अंड्यांतून पुढच्या वर्षाची सगळी मासळी व्हायची. म्हणून चैत्रात बायका पिंजऱ्याशी येऊन हळदकुंकू पाण्यात सोडत, त्यांची ओटी भरत. सोसायटीची खूण म्हणून प्रत्येकीच्या शेपटीला एक त्रिकोणी काप असे. एकदा ओटी भरली की त्या मासळीला कुणी हात लावायचा नाही, मग घरात उपास पडला तरी चालेल.

आणि आता ती नव्हती.

"राखणदार कोन व्हता?" सोसायटीचा चेअरमन हौशीराम काठावरून ओरडला. "सावळेराम! कुणाला इकलीस रं मासळी?"

सावळेराम गुडघाभर पाण्यात उभा होता. "तुमीच काल म्हनला, जा, जेवून ये. माझ्या भाचीचं लगीन हाय, पयल्या पंगतीला बस. मी बसतो राखणीला म्हनला."

"मी? मी मांडवातनं हाललो न्हाई. आन् ही गाठ बघा रं. अशी गाठ बांधनारा दुसरा कोन हाय हितं?"

जमलेली माणसं गाठीकडे बघत राहिली. ती सोसायटीची जुनी गाठ होती, आणि आज ती बांधता येणारे दोघेच उरले होते. त्यातला एक आरोप करत होता.

"दुपारी सभा," हौशीराम म्हणाला. "याचं नाव काढून टाकायचं."

नाव गेलं की पाण्यात जाळं टाकायचा हक्क गेला. सावळेरामची जमीन धरणाखाली गेली होती. आता धरणाचं पाणीही जाणार होतं.

त्याची बायको झुंबरबाई पुढे आली. "आन् माझा हिरडा कुणी न्हेला? देवळासमोरच्या कातळावर वाळत घातला व्हता. लगनातून आले तर कातळ धुतल्यावानी."

"गप ए! सोसायटीची मासळी गेली आन् ही हिरड्याचं गाऱ्हानं सांगतीय!"

माणसं हसली. गर्दीच्या मागे उभी असलेली एक बाई मात्र हसली नाही. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कातळ ओला होता की कोरडा?"

२

तिचं नाव उजमा कागदी. मूळची जुन्नरची; आई जोहराबी अजून तिथेच राहते. उजमाचं काम वेगळं होतं. मोठ्या हौशी मासेमारीच्या बोटी, म्हणजे श्रीमंत माणसं खोल समुद्रात गळ टाकायला नेतात तशा, किती वेगाने जातात, किती ओझं घेऊन जातात, कुठे दमतात, हे तपासून सांगायचं. मुंबईच्या बंदरात तिने अशा कितीतरी बोटी पळवल्या होत्या. डोंगरातल्या धरणात मात्र पहिल्यांदाच.

कारण तशी बोट इथे कुणी आणलीच नव्हती. दादाभाऊंनी आणली. फुगवट्याच्या काठी त्यांचं रिसॉर्ट होतं. चाळीस फुटी पांढरी बोट ट्रेलरवर घालून आणताना मंचरच्या चौकात विजेच्या तारा बांबूंनी उचलून धराव्या लागल्या होत्या. तिचं नाव 'दर्याराणी'. दर्या दोन दिवसांच्या वाटेवर, पण नाव दर्याराणी.

सकाळी येताना कळंबजवळ उजमाला एक भलामोठा फ्लेक्स दिसला होता. 'भव्य गळ-मासेमारी स्पर्धा, उद्या.' मधोमध दादाभाऊ. बाजूला, तेवढ्याच आकाराचा, काळा गॉगल लावलेला एक म्हातारा. खाली लिहिलं होतं: 'जलनायक'. आत्ता काठावर ओरडणारा तो हाच, हे तिने ओळखलं.

"मॅडम, त्या भांडणात पडू नका," दादाभाऊ धक्क्यावर म्हणाले. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. "तुमी फक्त लिहून द्या. तीस नॉटच्या वर पळती म्हणून. मला अशा अजून धा बोटी इकायच्यात."

एक नॉट म्हणजे ताशी दोन किलोमीटरला थोडंसं कमी.

"पळाली तर लिहीन," उजमा म्हणाली आणि बोटीवर चढली.

चढताच तिने नाक मुरडलं. नव्या बोटीला रंगाचा, डिझेलचा वास येतो. इथे टोमॅटोवर फवारायच्या औषधाचा वास होता, घशाला लागणारा. बोटीच्या मागच्या उघड्या भागात, पांढऱ्या फरशीवर मोठी गोल वळी उमटलेली होती. एकाला एक चिकटून.

"हे काय, मोहित?"

मोहित बोट चालवायचा. वारूळवाडीचा पोरगा, गोव्याला शिकून आलेला. त्याने पायाने एक वळं पुसायचा प्रयत्न केला. "डास लई झालं व्हतं, ताई. फवारलं."

"आणि ही वळी?"

"खुर्च्या ठेवल्या व्हत्या."

एवढ्या जाड पायांच्या खुर्च्या उजमाने कुठे पाहिल्या नव्हत्या.

"अजून एक मासा चढला न्हाई हिच्यावर," दादाभाऊ धक्क्यावरून कौतुकाने म्हणाले. "कोरी करकरीत हाय. उद्या पाव्हण्यांच्या हातनं पयला मासा."

३

'दर्याराणी' पळाली, आणि छान पळाली. दोन्ही इंजिनं एका सुरात घुमली, बोटीने आधी तोंड जरा वर केलं, मग पाण्यावर चढून सपाट झाली आणि निघाली. काटा तिसाच्या पुढे गेला. मागे उठणारी लाट लांब पण बुटकी होती.

फुगवट्याच्या मध्ये पाणी अरुंद होतं. तिथे बुडालेल्या गावच्या भैरोबाचा कळस उन्हाळ्यात पाण्याबाहेर येई, आणि समोरच्या काठावर झुंबरबाईचा कातळ. पिंजऱ्यांकडून रिसॉर्टकडे यायला हीच एक वाट. मोहितने तिथे गाडी न्यूट्रलला टाकावी तशी इंजिनं अगदी मंद केली, हात जोडले.

"सगळेच करतात?"

"सगळे, ताई. होडीवाला आसू द्या, तराफेवाला आसू द्या. बुडालेल्या देवापाशी जोरात जायचं न्हाई. काल बी मी हळू केली. काठावरच्या अख्ख्या मांडवानं बघितलं. बायांनी हात जोडलं."

"एकटाच होतास काल?"

"एकटाच. बोट रिकामी. जरा फिरवून आनली."

मंद बोटीमागे लाट उठलीच नाही. पाणी कातळाच्या पायाला चाटून गेलं. उजमाने बोट काठाला लावायला सांगितली आणि ती कातळावर चढली. वरच्या सपाट भागात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, फटींमध्ये हिरड्याची सुरकुतलेली फळं अडकलेली होती. त्यांच्याबरोबर शेवाळ होतं आणि वाळलेला फेस. हिरडा चोरीला गेला नव्हता. पाणी एवढ्या वर येऊन त्याला घेऊन गेलं होतं.

ती परत बोटीवर आली. "आता पूर्ण वेगाने ने."

त्या बुटक्या लाटेने कातळाचा खालचा टप्पासुद्धा पुरता भिजला नाही.

"आता मध्यम वेगाने."

या वेळी बोटीने तोंड वर केलं, मागे पाण्याचा ढीग उठला आणि कातळाच्या कमरेपर्यंत गेला. वरचा सपाट भाग तरीही कोरडाच.

उजमाने त्या कोरड्या सपाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं.   

"मोहित, मागचे हौद पाण्याने भर. ओझ्यासकट वेग बघायचाय मला."

अशा बोटींच्या मागच्या बाजूला, फरशीखाली, मासळी ठेवायचे हौद असतात, आणि जितं आमिष ठेवायला वाहत्या पाण्याची टाकी. मोहितचा चेहरा उतरला. "पंप बिघडलाय, ताई."

"कोऱ्या करकरीत बोटीचा?"

तिने वाकून पंपाच्या गाळणीचं झाकण फिरवलं. आत, जाळीला चिकटून, जुन्या रुपयाएवढा एक खवला चमकत होता.

४

सभेला अजून वेळ होता. उजमा मांडवाकडे गेली. काल लग्न झालं होतं. आज मंडपवाला पप्पू खांब उपसत होता आणि हौशीराम खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"काका, काल ती बोट तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली की, ताई. दुसरी पंगत बसली व्हती. देवापाशी आली आन् काय हळू झाली! मानूस चालंल तशी. पोरानं सलामी बी दिली, इंजनाचा असा आवाज काढला की आमचा बँड ऐकू यीना."

"हळू, आणि आवाज मोठा?"

"सलामीच ती! तोंड आभाळाकडं करून चालली व्हती. रिकामी बोट, हलकी, वर उचलनारच. मोहितला पुढचं देऊळ दिसंना, बिचारा उभा राहून चालवीत व्हता." त्याने बशीतला चहा फुरकला. "त्या बोटीवाल्यांचा ह्यात काय बी संबंध न्हाई. राखणदारच चोर. मानूस लई माजला आता."

"फ्लेक्सवर फोटो छान आलाय तुमचा."

हौशीरामचा चेहरा खुलला. "गॉगल दादाभाऊंनीच दिला. उद्या टेजवर बसवणारेत."

त्याच्या मिशीला चहाची साय लागली होती आणि तो हसत होता. उजमाला तिथून उठावंसं वाटलं.

सावळेराम सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमागे बसला होता. झुंबरबाई त्याच्यापुढे भाकरी धरून होती, तो खात नव्हता.

"गाठ तुम्ही बांधली नाही?"

"न्हाई."

"हौशीराम काका स्वतः आले होते बोलवायला?"

"तराफ्यावर बसून आलं. म्हनलं, तू जा, हितं मी हाय. मानसाचा इस्वास धरू नये का, ताई? भाऊबंद हाय माझा."

झुंबरबाई एकदम म्हणाली, "आवो, पन अक्षतांच्या वक्ताला..." आणि थांबली.

"बोला ना."

"नवरीमागं मामा उभा लागतो ना. तीन हाका मारल्या मामाला. मामा कुटं हाय, मामा कुटं हाय. शेवटी चुलतमामाला उभा केला. आमी म्हनलं, आसंल वाढप्यांवर वरडत."

उजमाने तिच्या हातातली भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि सावळेरामच्या हातात दिला. "खा. सभेला उपाशी जायचं नाही."

५

शेडमध्ये माणसं दाटीने बसली होती. दादाभाऊही आले होते, प्रतिष्ठित म्हणून. हौशीरामने ठराव मांडायला तोंड उघडलं.

"आधी मला एक विचारायचंय," उजमा उभी राहिली. "बैलगाडीत सगळा माल मागच्या बाजूला भरला तर काय होतं?"

"हा काय सवाल झाला?" कुणीतरी म्हणालं. "उलाळ व्हती गाडी. जू वर जातं."

"आणि रिकाम्या गाडीचं?"

"रिकामीचं कशाला वर जाईल?"

"मग रिकाम्या बोटीचं तोंड आभाळाकडे कसं गेलं?"

शेडमध्ये चुळबुळ झाली. उजमा घाईने बोलत नव्हती. लहान मुलांना समजवावं तसं एकेक सांगत होती.

"पोरं चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत उडवतात. बोट तशीच वेगात पाण्यावर चढते, सपाट होते. मग लाट लहान. अगदी मंद चालली तर लाटच नाही. पण मागे इतकं ओझं असेल की बोटीला वर चढताच येत नाही, तेव्हा ती शेपूट पाण्यात रुतवून, तोंड वर करून पाणी नांगरत जाते. इंजिन जीव तोडून ओरडतं, तरी वेग माणसाच्या चालीचा दिसतो. आणि लाट अशी उठते की कातळावरचा हिरडा घेऊन जाते."

झुंबरबाईने पदर तोंडाला लावला.

"काल बोट हळू झाली, बरोबर. पण देवासाठी हळू करणारा इंजिनाचा आवाज कमी करतो. कालच्या इंजिनाने बँड दाबला. ती सलामी नव्हती. मोहित पूर्ण जोर लावत होता आणि बोट पळत नव्हती. तुम्ही हात जोडलेत ते चोरीच्या ओझ्याला."

मागे एका म्हातारीने दोन्ही हात लुगड्याला पुसले.

"अर्धी गती केली आसंल पोरानं," दादाभाऊ म्हणाले. "त्यानं काय व्हतंय?"

"रिकामी बोट अर्ध्या गतीने आज सकाळी मी चालवून घेतली. लाट कातळाच्या कमरेला गेली. वर चढली नाही. वर चढायला मागे दोन-तीन टन पाणी लागतं. जिती मासळी न्यायची तर पाण्यातूनच न्यावी लागते. हौद पुरले नाहीत, म्हणून फवारणीचे निळे ड्रम आणले, बोटीच्या कठड्याआड ठेवले. त्यांची वळी फरशीवर आहेत, आणि वासही. कुणाच्या शेतावरचे ड्रम, मोहित?"

मोहित दारात उभा होता. त्याने खाली बघितलं.

"आणि एकही मासा न चढलेल्या बोटीच्या गाळणीत हा सापडला." तिने तळहात उघडला. खवला हातोहात फिरला.

"ह्यो कटल्याचा," सावळेराम हळूच म्हणाला.

"मग गाठ?" हौशीराम ओरडला. "गाठ कुणाची?"

"ती दोघांनाच येते ना? एक जण पहिल्या पंगतीत जेवत होता, शंभर माणसांसमोर. दुसरा अक्षतांना नवरीमागे उभा नव्हता. तीन हाका मारूनही."

सगळ्या माना हौशीरामकडे वळल्या. "मी... मी वाढप्यांकडं..."

"तिथून बोटीचं तोंड दिसलं असेल, आवाज ऐकू आला असेल. पण मोहितला पुढचं देऊळ दिसत नव्हतं, हे काठावरच्या माणसाला कसं कळणार? ते बोटीत त्याच्या शेजारी लपून बसलेल्यालाच कळतं. मोहित म्हणतो, तो एकटा होता. काका, खोटं बोलताना दोघांनी आधी एकमेकांना तरी विचारायचं."

मोहितने दारातूनच हौशीरामकडे बोट केलं. "मी न्हाई म्हनलो व्हतो, ताई. ह्यांनीच दोरी सोडली. दादा म्हनलं, पाव्हण्यांच्या गळाला मोठी मासळी लागली पायजे, फोटू निघलं पायजेत."

"कशापायी रं?" झुंबरबाई हौशीरामसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "ओटी भरलेल्या व्हत्या. तुझ्या बायकूनं भरली. कशापायी?"

उत्तर कळंबच्या रस्त्यावर, गॉगल लावून, वाऱ्यावर फडफडत होतं.

६

रिसॉर्टमागे धरणाचं पाणी आत शिरून झालेल्या खाडीला तोंडाशी जाळं लावलं होतं. पोहणाऱ्या पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी, असं दादाभाऊ सांगत. सगळा गाव तिथे पोचला तेव्हा आधी वास आला.

ड्रममधून आणलेली मासळी औषधाने मेली होती. ड्रम नीट धुवायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. मेलेली मासळी झाडीमागे ढीग करून टाकली होती. पोटं फुगून फुटलेली, पिवळी अंडी मातीत सांडलेली, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या आणि एक कुत्रं. प्रत्येक शेपटीला त्रिकोणी काप. झुंबरबाई खाली बसली आणि दोन्ही हातांनी ती अंडी गोळा करायला लागली. आता त्यांचं काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं. एका बाईला कोरडी ओकारी आली. उजमाने तोंड फिरवलं, तर मागे दादाभाऊ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "फ्लेक्स लगेच उतरव. त्या म्हाताऱ्याचा फोटो काप, बाकी ठिवून दे."

तिला त्या मेलेल्या ढिगापेक्षा या आवाजाची जास्त शिसारी आली.

त्याच ठिकाणी, उभ्या उभ्या, हात वर झाले. नाव निघालं ते हौशीरामचं. तो खाली मान घालून बाजूला झाला. त्याला जायला वाट करून देताना माणसं अंग चोरत होती. पोलिसांना फोन पप्पूने लावला.

सावळेरामने यातलं काही पाहिलं नाही. तो खाडीत छातीभर पाण्यात उतरला होता. "हौदातनं आनलेल्या जित्या हायती," तो ओरडला. "लई न्हाई, पन हायती! पान्यात औषध उतरलंय, हितं ऱ्हायल्या तर मरतील. न्यायच्या कशात?"

उजमाने 'दर्याराणी'कडे पाहिलं. मोहितने मुकाट्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. पंप अर्थातच चालू होता.

बायकांनी हौद आधी घासून घेतले, मग भरले. मासळी एकेक करून, दोन्ही हातांवर झेलत, आत सोडली. दादाभाऊ आडवे आले. "मॅडम, माझ्या बोटीचं प्रमानपत्र?"

"देणार ना. रिकामी तीसच्या वर पळते. भरलेली कशी चालते ते आता बघते."

बोट निघाली तेव्हा काठावर कालच्याएवढीच माणसं उभी होती. झुंबरबाई आडवाटेने कातळावर पोचली होती. घरात उरलेला पसाभर हिरडा तिने पुन्हा वरच्या सपाटीवर पसरला होता. अरुंद पाणी आलं. भैरोबाचा कळस दिसला. उजमाने इंजिनं इतकी मंद केली की हौदातल्या शेपट्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सावळेराम हौदाशी गुडघ्यांवर बसून ओंजळीने पाणी ओतत होता. त्याचे हात गुंतलेले होते, त्याने देवाला हात जोडले नाहीत.

बोटीचं तोंड सरळ होतं. मागे एक बारीक सुरकुती निघाली, कातळाच्या पायाशी पोचली, आणि तिथूनच परत गेली.